डोळेबाईंची सही

आमच्या कंपनीत त्यांना डोळेबाई म्हणत. नाव पडलं ते कामावरून. त्यांच्या टेबलावरच्या स्क्रीनवर दिवसभर एक आकृती असायची. दोन्ही टोकांना निमुळती, मधे रुंद, हुबेहूब माणसाच्या डोळ्यासारखी. तारेतून धावणारे लाखो संकेत एकमेकांवर रचून पाहिले की असा डोळा उमटतो. तो उघडा असेल तर पलीकडच्या टोकाला ‘एक’ कुठला आणि ‘शून्य’ कुठला हे नीट ओळखता येतं. मिटायला लागला की समजायचं, घोळ आहे. माल पोचवायला आलेल्या एका गृहस्थांनी हे नाव ऐकलं आणि ते सरळ बाईंसमोर खुर्ची ओढून आपला मोतीबिंदू सांगत बसले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एका चांगल्या दवाखान्याचा पत्ता लिहून दिला. मी म्हटलं, “खुलासा तरी करायचा.” तर म्हणाल्या, “कशाला? त्यांचं काम झालं ना.”

मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर एकोणीस वर्षं बसलो. मी इंजिनियर नाही. केसाएवढे पाय असलेल्या चिपा बोर्डावर बसवायच्या, बिघडल्या की अलगद काढायच्या, हे माझं काम. त्या मला दादा म्हणत.

बाईंचे वडील टेलिफोनच्या तारा ओढणारे लाइनमन होते. ते खांबावरून पडून गेले तेव्हा बाई सहा वर्षांच्या आणि त्यांची थोरली बहीण सतरा वर्षांची. या थोरलीला, म्हणजे अक्काला, पुढे सगळी गल्ली अक्काच म्हणायला लागली. अक्का शिलाई मशीनवर बसली आणि त्याच मशीनवर तिनं धाकटीला इंजिनियर केलं. लग्न दोघींनीही केलं नाही. तीन खोल्यांच्या घरात दोघी राहत. पुढच्या खोलीत कापडाचे तुकडे, मागच्या खोलीत तारांचे. अक्का म्हणायची, “आमच्या घरात अनवाणी चाललं तर पायात काय रुतेल ते सांगता येत नाही.”

बाईंचं काम नेमकं काय, हे मी एकदा दुपारच्या डब्याच्या वेळी विचारलं होतं.

“दादा, हळू पाठवायचं असेल तर कुठलीही तार चालते,” त्या म्हणाल्या. “पण तारेला वेगाचं वावडं असतं. सेकंदाला काही अब्ज वेळा ‘एक-शून्य’ पाठवायला लागलं की त्यातला जलद भाग ती वाटेतच गिळते. मग प्रत्येक संकेताच्या कडा झिजतात, त्याला शेपूट फुटतं आणि ते शेपूट मागून येणाऱ्याच्या अंगावर पडतं. पलीकडे पोचेपर्यंत सगळा लगदा.”

“मग तुम्ही काय करता?”

“तार किती गिळणार हे मी मोजते. तेवढा जलद भाग आधीच जास्त वाढून पाठवते. आणि पलीकडच्या टोकाला, आधीच्या संकेताचं शेपूट किती उरलं असेल ते वजा करते. याला इक्वलायझर म्हणतात. नवीन काही नाही त्यात. बिघाड आधी मोजायचा आणि त्याच मापाचा उलटा बिघाड करून ठेवायचा.”

“मग वाढूनच द्यायचं भरपूर. भांडणच नको.”

“नाही ना. जलद भाग वाढवला की शेजारच्या तारेची कुजबुजही तेवढीच वाढते. कमी वाढलं तर लगदा, जास्त वाढलं तर गोंगाट. मधे एक अरुंद जागा असते, तिथे बसायचं.”

त्या अरुंद जागेत बसण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

आमची कंपनी एक कार्ड बनवायची. कॅन्सरच्या गाठीवर किरण सोडणारी जी मोठी यंत्रं असतात, त्यांच्या फिरत्या हातात एक कॅमेरा असतो. किरण नेमका गाठीवर पडतोय ना, हे तो क्षणोक्षणी बघतो. त्याची चित्रं आमच्या कार्डातून संगणकापर्यंत जातात. चित्रात चुका दिसायला लागल्या की यंत्र आपणहून थांबतं. भलत्या जागी किरण पडण्यापेक्षा थांबलेलं बरं, म्हणून ते तसंच केलेलं आहे.

शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका मोठ्या हॉस्पिटलातून पहिला फोन आला तेव्हा यंत्र बसवून सहा महिने झाले होते. यंत्र मधेच थांबत होतं. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज, मग एकाच पेशंटला तीन-तीनदा. आम्ही नवीन कार्ड पाठवलं. ते दहा दिवस सुतासारखं सरळ चाललं आणि मग तेही थांबायला लागलं. काढलेलं कार्ड आमच्या लॅबमध्ये आलं. बाईंनी ते पंधरवडाभर चालवलं. एक चूक नाही. डोळा सताड उघडा.

“हॉस्पिटलची वीज खराब असणार,” आमचे साहेब म्हणाले. विजेची तपासणी झाली. वीज धुतल्या तांदळासारखी निघाली. मग केबल बदलली. केबलचाही दोष नव्हता. यात सात आठवडे गेले. शेवटी बाई म्हणाल्या, “मी तिथे जाऊन बसते.” मी हत्यारांची पेटी घेऊन त्यांच्याबरोबर गेलो.

यंत्राची खोली जाड भिंतींची, थंड. बाहेरच्या बाकावर पेशंट बसलेले. त्यांच्यात साठीच्या आसपासचे एक गृहस्थ होते. तीस वर्षं बांधकामावरची उंच क्रेन चालवलेली, म्हणून तिथे सगळे त्यांना क्रेनकाका म्हणत. गळ्यात गाठ होती. त्यांची बायको शेजारी त्यांचा मफलर घडी करून मांडीवर घेऊन बसलेली असायची. यंत्र चालवणाऱ्या मुलीनं आम्हाला सांगितलं की काकांचे एकूण तेहेतीस दिवस ठरलेत, त्यातले सहा यंत्रामुळे बुडालेत. अशा उपचारात खंड पडलेला चालत नाही. दुसरं असं यंत्र तीन तासांच्या प्रवासावर, आणि तिथे महिनाभराची रांग.

आम्ही बाहेर कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. काकांना टेबलावर झोपवलं. त्यांच्या चेहऱ्याच्या मापाचा जाळीचा मुखवटा त्यांच्या तोंडावर बसवला आणि टेबलाला खटक्यांनी आवळला. डोकं तसूभरही हलू नये म्हणून. सगळे बाहेर आले, दार बंद झालं, यंत्राचा हात फिरायला लागला. तीन मिनिटं गेली आणि हात थांबला. शेजारच्या पडद्यावर लाल अक्षरं.

मुलीनं माइक दाबला. “काका, यंत्र थांबलंय. तुम्ही तसेच पडून राहा. दोन मिनिटांत सुरू करते.”

आतून काहीतरी घोगरं आलं. जबडा आवळलेला असल्यामुळे शब्द कळले नाहीत. दोन मिनिटांनी यंत्र सुरू झालं आणि चाळीस सेकंदांत पुन्हा थांबलं. काकांच्या डाव्या हाताची बोटं टेबलाची कड पकडत होती, सोडत होती. चौथ्यांदा थांबलं तेव्हा मुलीनं आत जाऊन खटके काढले. काका उठून बसले. चेहऱ्यावर जाळीचे चौकोन उमटलेले. ते बाहेर आले आणि बायकोच्या हातातून मफलर घेतला. तो दिवसही बुडाला. सात झाले.

बाई पडद्यापाशी उभ्याच होत्या. मी म्हटलं, “चला, मागच्या खोलीत जाऊ.” त्या आल्या.

यंत्राच्या मागे एक बोळकांडीसारखी खोली होती. तिथल्या कपाटात आमचं कार्ड. पेशंट संपले की दुपारचे दोन तास आम्हाला मिळायचे. बाईंनी स्क्रीन जोडली आणि डोळा पाहिला. तो जवळजवळ मिटलेला होता. नुसती एक फट. त्यांनी जलद भाग एक घर वाढवला. चुका वाढल्या. पूर्वीपेक्षा एक घर कमी केला. तरी चुका वाढल्या. शेपटं वजा करण्याचे आकडे बदलले. दोनशे-अडीचशे मांडण्या करून पाहिल्या, चार दिवस. पाचव्या दिवशी त्या तिथेच फरशीवर बसल्या, पाठ भिंतीला लावून.

“दादा, दोन्हीकडून भिंत आलीय,” त्या म्हणाल्या. “मधे जागाच नाही. या कार्डाला माझ्या लॅबमध्ये ऐसपैस जागा होती. इथे आलं की कुठे जाते ती?”

बाहेर क्रेनकाकांचे आठ दिवस बुडाले होते. दुसऱ्या एका पेशंटनं येणंच सोडलं होतं. साहेबांचा फोन दर तासाला यायचा. त्यांनाही वरून दाब असणार. ते विचारायचे, “काही लागलं का हाती?” बाई म्हणायच्या, “नाही.” पलीकडून एक सुस्कारा, आणि फोन बंद.

बाईंचं खाणं सुटलं होतं. डबा जसा यायचा तसा परत जायचा. एका संध्याकाळी अक्कानं मला घरी बोलावून घेतलं. ती मशीनवर होती. शिवण थांबवली नाही.

“काय चाललंय तिचं? विचारलं की म्हणते, तारा ऐकत नाहीत. तारा कधी कोणाचं ऐकतात का?”

मी सांगता येईल तेवढं सांगितलं. मुखवट्याचंही सांगितलं.

अक्कानं मशीन थांबवलं. “मग ते यंत्र बंद का नाही ठेवत?”

“बंद ठेवलं तर त्यांचा उपचार बुडतो.”

“आणि चालू ठेवलं तर तो माणूस असा आवळलेला पडतो.” तिनं दोरा तोडला. “धाकटी लहानपणापासून अशीच. वडील गेले तेव्हा म्हणायची, मी खाली उभी असते तर धरलं असतं त्यांना. सहा वर्षांची पोर.”

बाई मागच्या खोलीत होत्या. दार बंद होतं. मी हाक न मारताच परतलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅबमध्ये एक साधं काम घेतलं. हॉस्पिटलातून कालच काढून आणलेल्या कार्डावरची एक चिप बाईंना बदलून हवी होती. मी गरम हवेचा झोत धरला. चिप सुटायच्या आधीच बोर्डातून ‘फट्’ असा बारीक आवाज आला. चिपेखाली बोर्डाला फोड आला होता, भाजलेल्या हातावर येतो तसा.

असा फोड आमच्या धंद्यात नवा नाही. बोर्ड काचेच्या विणीचा आणि चिकट राळेचा असतो. ओलसर जागी पडून राहिला तर तो हवेतलं पाणी शोषतो. एकदम तापवला की त्या पाण्याची वाफ होते आणि थर सुटतात. म्हणून जुना बोर्ड आम्ही आधी भट्टीत मंद आचेवर वाळवून घेतो. हा बोर्ड दोनेक महिन्यांपूर्वीच आमच्याकडून कोरडा गेलेला, म्हणून मी वाळवला नव्हता.

“बाई,” मी हाक मारली, “हा बोर्ड पाणी प्यायलाय.”

त्या उठून आल्या. फोडावरून बोट फिरवलं. मग मी त्यांचा चेहरा पाहिला आणि मला वाटलं, आपण भलतंच काहीतरी बोललो. रंग पार उतरला होता. त्या तेच कार्ड घेऊन तराजूपाशी गेल्या. वजन केलं, भट्टीत ठेवलं, आणि पूर्ण दिवसभर भट्टीसमोरच्या स्टुलावर बसून राहिल्या. दुसऱ्या सकाळी पुन्हा वजन केलं. कार्ड हलकं झालं होतं. किंचित, पण झालं होतं.

मग त्यांनी प्लास्टिकच्या डब्यात कोमट पाण्याची वाटी ठेवली, वर जाळीवर एक अगदी नवं कार्ड ठेवून झाकण लावलं. पाच दिवसांनी ते काढून स्क्रीनला जोडलं. डोळा मिटलेला. तीच फट, हॉस्पिटलातली.

“पाणी मुरलं की बोर्ड जलद भाग आणखी गिळतो,” त्या म्हणाल्या. आवाज सपाट. “आधीच इक्वलायझर टोकाला नेऊन बसवलेला. पुढे सरकायला जागा नाही. सरकवला की गोंगाटच वाढतो. लॅबमध्ये हवा कोरडी. इथे आलं की कार्ड आठवड्याभरात वाळतं आणि शहाण्यासारखं वागतं.”

“पण सगळीकडे कुठे असं होतंय? त्याच हॉस्पिटलात का?”

“त्या बोळकांडीची मागची भिंत आठवते? गरम लागायची. पलीकडे धुलाईघर आहे, पहिला फोन यायच्या थोडं आधीच तिथे आणलेलं. दिवसभर वाफ.”

मला हायसं वाटलं. म्हटलं, “चला, सापडलं एकदाचं. धुलाईघराची वाफ. तुमचा काय दोष यात?”

बाईंनी खण उघडला, खालून एक फाइल काढली आणि माझ्यापुढे ठेवली. चार वर्षांपूर्वीची. तेव्हा वरून हुकूम आला होता की कार्डासाठी हलक्या प्रतीचा बोर्ड वापरायचा. बाईंनी लेखी विरोध केला होता. हा बोर्ड जलद भाग फार गिळतो, असं त्यात लिहिलं होतं. उत्तर आलं, तुमचा इक्वलायझर कशासाठी आहे? आणि बाईंनी जिद्दीनं तो बोर्ड चालवून दाखवला होता. सगळे आकडे टोकाला नेऊन डोळा उघडला होता. तो दिवस मलाही आठवत होता. साहेबांनी लॅबमध्ये येऊन सगळ्यांसमोर त्यांना जादूगार म्हटलं होतं.

फाइलच्या शेवटच्या पानावर चाचण्यांची यादी होती. थंडी, उष्णता, हादरे, समोर बरोबरच्या खुणा. दमट हवेपुढे लिहिलं होतं: ‘यंत्र उपलब्ध नाही. धोका कमी. पुढे करता येईल.’ खाली बाईंची सही.

“दमट हवेच्या चाचणीच्या यंत्राला तीन आठवड्यांची रांग होती,” बाई म्हणाल्या. “साहेबांना माल पाठवायचा होता. पण मला कोणी हात धरून सही करायला लावली नाही, दादा. मला माहीत होतं की हा बोर्ड पाणी पितो. मला ठाऊक होतं की जागा उरलेली नाही. मला जादूगार व्हायचं होतं.”

मी काहीतरी समजुतीचं बोलायला लागलो. त्यांनी हात वर केला. मी थांबलो.

साहेबांना त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. मी बाहेर होतो, पण काचेचं दार नीट लागत नसे.

“धुलाईघराची वाफ हेच कारण लिहा ना,” साहेब म्हणत होते. “खोटं कुठे आहे त्यात? त्यांनी भिंतीची काळजी घ्यायला हवी होती.”

“अशी कार्डं आणखी एकेचाळीस ठिकाणी आहेत, साहेब. त्यातली काही समुद्राकाठी. तिथे धुलाईघर नसलं तरी हवा ओली आहे.”

“तिथून तक्रार आलीय का?”

“अजून नाही.”

“मग ‘अजून नाही’वर मी कंपनी बंद करू?”

“मी अहवाल लिहिलाय. आज सगळ्या हॉस्पिटलांना जाईल. तुम्ही पाठवा, नाहीतर मी पाठवते.”

मग साहेब हळू म्हणाले, “त्यात तुमची सही निघेल. तुम्हीच सापडाल. माझं नाव कुठेच नाही, हे तुम्हाला कळतंय ना?”

“कळतंय.”

अहवाल गेला. चांगल्या बोर्डाची नवी कार्डं तयार व्हायला चौदा आठवडे लागणार होते. धुलाईघराच्या भिंतीतल्या फटी बुजवून, खोली कोरडी करून ओलावा उतरायला महिना. कार्ड दर आठवड्याला बदलत राहणंही शक्य नव्हतं. कार्ड बदललं की यंत्राची सगळी मोजणी पुन्हा करावी लागे, त्यात आणखी एक दिवस जाई. उपाय एकच होता. कार्डात तपासणीसाठी ठेवलेला एक अर्ध्या वेगाचा रस्ता होता. वेग निम्मा केला की तार फार कमी गिळते, ओल्या बोर्डातही डोळा उघडतो. हॉस्पिटलच्या तज्ज्ञांनी दोन दिवस मोजून पाहिलं आणि होकार दिला. पण चित्रं निम्म्या वेगानं येणार, म्हणून यंत्राचा हातही हळू फिरवावा लागणार. मुखवट्याखालची आठ मिनिटं सोळा होणार. पेशंटना ते विचारायला हवं होतं.

डॉक्टर म्हणाले, आम्ही विचारतो. बाई म्हणाल्या, क्रेनकाकांशी मला बोलू द्या.

सकाळची वेळ होती. काका बाकावर, बायको शेजारी. त्यांचे तोवर अकरा दिवस बुडाले होते. बाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. बसल्या नाहीत. सोळा मिनिटांचं सांगितलं. काकांनी मान हलवली. मग बाई म्हणाल्या, “यंत्र थांबत होतं ते आमच्या कार्डामुळे. ते कार्ड मी केलंय. त्याची एक चाचणी राहिली होती, ती न करताच मी सही केली. म्हणून हे झालं.”

काकांनी मान वर केली. गाठीमुळे त्यांचा आवाज फुटका येई.

“म्हणजे मी हलत नव्हतो?”

बाईंना कळलं नाही. “काय?”

“यंत्रावरची मुलगी म्हणायची, तुमच्यामुळे नाही थांबत. मला वाटायचं, मन राखायला म्हणतेय. मला वाटायचं, मी हलतो म्हणून थांबतं. मी आत गिळणं बंद केलं होतं. श्वास मोजून घ्यायचो. थांबलं की स्वतःला शिव्या घालायचो. तीस वर्षं एवढ्याशा केबिनमध्ये बसलो, आणि आता आठ मिनिटं नीट पडून राहता येत नाही म्हणून. घरी जाऊन हिच्यावर ओरडायचो.”

त्यांच्या बायकोनं मफलरकडे बघितलं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही एकदाही हलला नाहीत. आमच्याकडे सगळी चित्रं आहेत. एकदाही नाही.”

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते राग उतरल्याचं नव्हतं. “हे तुम्ही मला अकरा दिवसांनी सांगताय,” ते म्हणाले. “करतो मी सोळा मिनिटं. तुम्ही जा आता इथून.”

बाई निघाल्या. मी मागोमाग. बाहेरच्या पायरीवर त्या बसल्या आणि त्यांना उलटी झाली. पोटात काही नव्हतंच. मी पाण्याची बाटली धरून उभा राहिलो. जाणारे-येणारे लोक बघत होते, हॉस्पिटलच आहे म्हणून पुढे जात होते.

काकांनी उरलेले सगळे दिवस पुरे केले. यंत्र एकदाही थांबलं नाही. इतर ठिकाणांपैकी सहा हॉस्पिटलांत कार्डं ओली सापडली, थांबायला सुरुवात होण्याआधीच. ती वेळेत बदलली गेली. त्याचं श्रेय अहवालाला मिळालं नाही. अहवालाचा उपयोग चौकशीत झाला. चौकशीत फाइल निघाली, फाइलीत सही निघाली. साहेबांनी अगोदरच सांगितल्याप्रमाणे तिथे एकच नाव होतं. बाईंच्या हातून सगळं काम काढून घेतलं. दोन महिने त्या रिकाम्या टेबलाशी बसल्या. त्यांच्या समोरची स्क्रीन काळी. मग त्यांनी राजीनामा दिला. निरोपाला कोणी आलं नाही. मी त्यांच्या वस्तूंचं खोकं बसपर्यंत नेलं.

घरी त्या अक्काला मदत करायला बसल्या. अक्काच्या म्हणण्याप्रमाणे एवढी वाईट शिवण तिनं जन्मात पाहिली नव्हती. “इंजिनियर केली ते बरं केलं,” ती म्हणायची, “नाहीतर दोघी नागड्या फिरलो असतो.” बाई त्यावर हसायच्या नाहीत. कधी कधी सुई हातात तशीच राहायची.

नऊ महिन्यांनी यंत्र चालवणाऱ्या मुलीचा फोन मला आला. क्रेनकाकांची गाठ पुन्हा वाढली होती आणि ते गेले. मी विचारलं, “त्या अकरा दिवसांमुळे?” ती म्हणाली, “डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. असंही झालं असतं. नसतंही झालं.”

मी दोन दिवस बाईंना सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी गेलो आणि पुढच्या खोलीत अक्कासमोरच सांगितलं. बाईंनी सुई गादीत खोचली, उठून मागच्या खोलीत गेल्या. अक्का मला म्हणाली, “तुम्ही थांबा.” मी थांबलो. तासाभरानं बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “सांगता येत नाही, हे कोणी म्हटलं?” मी म्हटलं, “डॉक्टरांनी.” त्या म्हणाल्या, “मोजायला काहीच मार्ग नाही का?” मी म्हटलं, “नाही, बाई.” त्यांनी तोच प्रश्न मला आणखी दोनदा विचारला.

पुढे एका तंत्रशाळेत त्यांना लहानसं काम मिळालं. मुलांना तारांची मोजमापं शिकवायचं. चांगलं शिकवतात असं ऐकतो.

त्यानंतरच्या वर्षी एका सकाळी त्यांनी मला बरोबर यायला सांगितलं. क्रेनकाकांच्या बायकोला, काकूंना, भेटायचं होतं. पत्ता त्यांनी कुठून मिळवला ते मी विचारलं नाही. आम्ही बसनं गेलो, उतरून दोन गल्ल्या चाललो. कोपऱ्यावरून घर दिसलं. तळमजल्यावरचं, दार उघडं. काकू खिडकीच्या काचा पुसत होत्या. एक काच पुसून झाली की मागे सरकून बघायच्या, पुन्हा पुसायच्या.

बाई कोपऱ्यावरच थांबल्या. मी म्हटलं, “मी येऊ बरोबर, की इथे उभा राहू?”

काकूंनी तिसरी काच घेतली. बादलीतलं पाणी बदलायला आत गेल्या, बाहेर आल्या. आमच्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

“मी काय सांगणार त्यांना?” बाई म्हणाल्या. “त्या विचारतील, आणि मला सांगता येणार नाही.”

आम्ही परत बसच्या थांब्यावर आलो. बस यायला वेळ होता. बाई बाकाच्या कडेला बसल्या, पिशवी मांडीवर घेऊन. मी उभाच राहिलो.